जुमेरातीचे दगड

हाजराचा हात लागला की वस्तू चकाकते, असं मोहल्ल्यातल्या बायका म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. महाडात गांधारी नदीच्या अंगाला एक खोलगट आळी आहे. पाऊस लागून राहिला की तिथली माणसं आधी भिंतीवरची गेल्या पुराची रेघ बघतात आणि मगच चहा ठेवतात. त्या आळीत हसन मुकादमचं घर. घर हसनच्या नावावर, नांदली मात्र त्यात एकटी हाजरा. हसन आखातात. लग्न झालं त्याच वर्षी गेला, आणि पुढे दोन-अडीच वर्षांनी एकदा पाहुण्यासारखा येऊन जायचा. मधला सगळा काळ हाजरानं घासण्यात घालवला. आमसुलं भिजत घालायची, त्या आंबट पाण्यात तांब्या-पितळेची भांडी बुडवायची, वरून राखेचा हात फिरवायचा. पोलादपूरहून आईनं दिलेला हंडा तिनं इतका घासला की त्याच्या अंगावरची नक्षी पुसट झाली. मूल झालं नाही. त्यावर ती कुणाशी बोलली नाही, आणि तिच्याशी बोलायची कुणाची छाती झाली नाही.

हसन तिकडे समुद्रातली वाळू उपसणाऱ्या बोटीवर होता. नवी बंदरं बांधायची तर आधी तळ खणावा लागतो, ते काम. बाकीच्यांचे नवरे येताना अत्तर आणत, ब्लँकेटं आणत, सोन्याची बांगडी आणत. हसनही आणायचा, नाही असं नाही, पण सगळं काढून झालं की पिशवीच्या तळातून कागदात गुंडाळलेला एक दगड निघायचा. मुठीएवढा, पांढरा, अंगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या बारीक गाठी. समुद्राच्या तळाशी हे असे सुटे पडलेले असतात, म्हणायचा, वाळूबरोबर पाइपातून वर येतात. वर येतात तेव्हा गुलाबी असतात आणि उन्हात पांढरे पडतात.

“बायकोला कुणी दगड आणतं?” पहिल्या वेळी हाजरा म्हणाली होती. “लोकांना काय दाखवू मी?”

“सोनं सगळेच आणतात,” हसन म्हणाला, आणि आपणच हसला.

तिनं नाक मुरडलं आणि दगड काचेच्या कपाटात मधोमध ठेवला. मग दर खेपेला एक. हसन आपल्या हातानं तो जागेवर मांडायचा आणि जाताना एकदा कपाटापुढे उभा राहायचा. फार बोलणारा माणूस नव्हता. फोनवर तर दोघांचं बोलणं ‘जेवलात का, जेवले’ इथवरच. इतक्या लांबून माणूस दुसरं काय बोलणार?

शेवटच्या खेपेला मात्र तो बोलला. निघायला आठवडा उरला होता. ओटीवर बसून म्हणाला, “पुरे झालं गो. इथंच राहतो आता. गुडघे बोलायला लागले. नाक्यावर कायतरी बघीन.”

हाजरा भाजी निवडत होती. त्या आधीच्या पुरात ती बिछाना डोक्यावर घेऊन समोरच्यांच्या माडीवर गेली होती, आणि तिथल्या म्हातारीनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं की नवरा आखातात असून ह्यांना लोकांच्या माडीवर यावं लागतं. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. ती म्हणाली, “एक साल अजून काढा. माडी होऊ दे. मंग कायमचे बसा घरात.”

हसननं थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाला, आणि गेला.

ते साल पुरं व्हायच्या आत तो तिकडेच, कामगारांच्या खोलीत, झोपेत गेला. सकाळी उठलाच नाही. कंपनीतल्या कुणा माणसाचा फोन आला, की मय्यत पाठवायला कागदपत्रांना वेळ लागेल, का इथंच माती द्यायची? तिचा भाऊ म्हणाला, मौलवी म्हणाले, मय्यत ताटकळत ठेवू नये. हाजरा म्हणाली, “द्या तिथंच.” दीड महिन्यानं त्याची पिशवी आली. तिनं एकूण एक खिसा उलटा केला. चिठ्ठी नव्हती, चपाटी नव्हती. कपडे, दाढीचं सामान, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला एक दगड.

तिथून पुढे हाजराला एवढंच कळायला हवं होतं: जाताना हसन तिच्यावर नाराज होता की नव्हता. दुसरं काही नको. माडी झाली, त्याच्या पैशातून झाली, आणि ती तिच्यावर झोपत नसे. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडली नाही, घासत राहिली. कबर दूर, पत्ता धड ठाऊक नाही, आणि ज्याला विचारायचं तो मातीखाली. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर ‘मीच पाठवलं’ हेही सांगावं लागलं असतं.

मग एकवीस सालचा तो पूर आला. महाडात त्या पुराबद्दल बोलताना अजूनही लोकांचा आवाज बसतो. हाजरानं कुराण वर नेलं, घराचे कागद नेले, तांदूळ नेले. आळीतली निम्मी माणसं तिच्या माडीवर चढली. समोरची म्हातारीही आली, हाजरानं तिला हात देऊन वर घेतलं. खाली पाणी जिन्याच्या पायऱ्या एकेक करून गिळत होतं, आणि वर सगळे हसनला दुवा देत होते, की भल्या माणसानं माडी बांधून ठेवली. हाजरा कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. दगड खाली राहिले, हे तिला पाणी कपाटाच्या वर गेल्यावर आठवलं.

ओसरल्यावर ते सापडले, चिखलात, फुटलेल्या काचांमध्ये. सगळे होते, पण विटेच्या रंगाचे झालेले. गाठीगाठींत गाळ रुतला होता. साध्या पाण्यानं गेला नाही, ब्रशनं गेला नाही. तेव्हा हाजरानं तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. परातीत आमसुलाचं पाणी केलं आणि दगड त्यात सोडले.

आणि दगडांतून आवाज आला.

ती वाकली. दगडांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले होते आणि त्यातून सूं सूं येत होतं. कुणी उशीत तोंड घालून हळू बोलावं, शब्द लागू नयेत पण बोलतंय एवढं कळावं, तसं. ती तशीच परातीवर वाकून राहिली. पाणी निवळेपर्यंत, पाठीला रग लागेपर्यंत. दगड वर काढले तेव्हा दुधासारखे पांढरे झाले होते.

हाजरा काही खुळी नव्हती. दगड बोलत नाहीत हे तिला तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक होतं. पण जो माणूस जिवंतपणी चार शब्दांवर पाचवा बोलला नाही, तो बोलला असता तर असंच बोलला असता, एवढं तिला वाटलं. त्या आवाजात राग नव्हता. ते तिला पुरलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माडीवर झोपली.

तेव्हापासून दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, उतरत्या दुपारची असरची नमाज झाली की हसनच्या नावानं फातिहा द्यायच्या आधी ती दगड धुवायची. लोबान लावायची, वाटीभर खीर ठेवायची, पण त्याआधी परात. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: दगडाकडं मी काय मागत नाय, मागायचं ते अल्लाकडं, ह्यांचं मी नुसतं ऐकते. कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते उत्तर तिच्याकडेच राहिलं.

दगड लहान होत होते. हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं, पण मन मानत नव्हतं. पहिला दगड आधी मुठीत मावायचा नाही, आता मावायला लागला. गाठी बोथट झाल्या, तिच्या हंड्यावरच्या नक्षीसारख्या. समुद्रापासून तोडलेत, तिनं मनाशी म्हटलं, परमुलखात कोण अंग धरतं?

सुम्बुल ही तिच्या धाकट्या भावाची मुलगी, पोलादपूरची. पोलादपूरच्या शाळेत शिकली, महाडच्या कॉलेजात शिकली, आणि आता मुंबईत दगडमातीचं शास्त्र शिकत होती. घरच्यांना ते धड सांगताही यायचं नाही, म्हणून ते ‘सायन्सला आहे’ म्हणत. पोरगी जिभेची तिखट आणि मनाची सरळ. सुट्टीत फुफूकडे, म्हणजे आत्याकडे, आली, कपाटापुढे उभी राहिली, आणि पहिल्यांदाच त्या दगडांकडे नीट बघितलं.

“फुफू, हे दगड नाहीत.”

“मंग काय बटाटे हायत?”

“शेवाळ आहे हे. समुद्रातलं.”

हाजरानं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू पोरीला शहाणपणाची बाधा झाली असावी. पण सुम्बुल खाली बसली आणि सांगायला लागली. हे एक जातीचं शेवाळ असतं, गुलाबी. ते समुद्राच्या पाण्यातला चुना ओढून स्वतःभोवती सांगाडा बांधतं, थरावर थर. शेवाळ मरतं, सांगाडा राहतो. आणि गंमत अशी की राहतो तोही तसाच राहत नाही. पुढे कधी समुद्र हटला, पावसाचं गोडं पाणी त्यातून झिरपायला लागलं, की त्यातलं मॅग्नेशियम हळूहळू निघून जातं आणि साधा चुना त्याच्या जागी बसतो.

“हजारो वर्षं लागतात,” सुम्बुल म्हणाली. “आपल्याकडे घराचा एकेक वासा बदलत जातात ना, तसं. शेवटी जुना एकही वासा नसतो, पण घर तेच दिसतं. मी त्यावरच काम करतेय. मूळचं किती उरलंय आणि बदललेलं किती, हे कसं ओळखायचं.”

हाजराला त्यातलं एवढं कळलं की हे कधीतरी जिवंत होते.

सुम्बुलला एक दगड हवा होता. कधी समुद्राबाहेर आला हे पक्कं ठाऊक असलेला, म्हणजे घरात राहून त्यात काही फरक पडतो का हे बघता येईल. कापावा लागेल, हेही तिनं सांगितलं, लपवलं नाही. बाकीच्यांचं साल हाजराच्या ध्यानात नव्हतं. फक्त एकाचंच होतं, हसनच्या पिशवीतून आलेल्या.

“त्योच नको,” हाजरा म्हणाली.

“बरं.” सुम्बुलनं हट्ट केला नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा हाजरानं तो आपण होऊन काढला, आपल्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. “जिवंत होता म्हणतेस तर बघ,” ती म्हणाली. “तेव्हा कसा होता ते कळंल त्यातनं?” तिला नक्की काय विचारायचं होतं ते सुम्बुलला कळलं नाही. कळलं असतं तर तिनं तो दगड बहुधा नेला नसता.

सुम्बुल परत आली ती नेमकी जुमेरातीलाच. पोलादपूरला घरी न थांबता थेट महाडला उतरली. दगड दोन भागांत कापलेला होता आणि कापलेली बाजू आरशासारखी घासलेली. हाजरानं आधी त्या चकाकीवरून बोट फिरवलं. चांगलं काम तिला कळायचं. आत एकाभोवती एक बारीक रेघा होत्या.

“एक रेघ म्हणजे साधारण एक साल,” सुम्बुल म्हणाली. “समुद्र ज्या साली जास्त उबदार, त्या साली मॅग्नेशियम जास्त. म्हणजे त्या त्या सालचं पाणी कसं होतं ते ह्यात धरून ठेवलेलं असतं. आतलं सगळं शाबूत आहे, फुफू. अगदी समुद्रात होतं तसं.”

“आणि भायेर?”

सुम्बुलनं कडेवर बोट ठेवलं. “बाहेरचं कळत नाही. कडेला कुरतडल्यासारखं झालंय. जे काय उरलंय त्यातलंही मॅग्नेशियम उतरलंय. कुठेतरी बरीच वर्षं पावसात पडल्यासारखं. आमचे सर म्हणाले, हा नक्की कपाटात होता ना? पुराच्या दोन दिवसांत एवढं होत नाही.”

“कपाटातच होता,” हाजरा म्हणाली. असरची वेळ झाली होती. ती उठली, नमाज पढली, आणि नेहमीसारखी परात घेऊन बसली. सुम्बुल घरचीच, तिच्यापुढे काय लपवायचं? तिनं आमसुलाचं पाणी ओतलं आणि उरलेले दगड सोडले.

आवाज सुरू झाला. हाजरा वाकली.

सुम्बुल दारातून बघत होती. तिच्या शास्त्रात पहिल्या वर्षी पहिली जी गोष्ट शिकवतात ती हीच, की चुन्याचा दगड ओळखायचा तर त्यावर आम्लाचा थेंब टाका आणि फसफसतो का बघा. ती घाईघाईनं पुढे आली आणि खाली बसून तिनं फुफूचं मनगट धरलं.

“हे किती दिवस करताय?”

“पूर झाला तेव्हापासनं. दर जुमेरातीला. ऐक ना. ऐकू येतंय?”

सुम्बुलनं ऐकलं. फुफूच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि तिच्या जागी असतो तर आपल्यापैकी पुष्कळजण बोललोही असतो. पण खोटं बोललं तर परात पुढच्या जुमेरातीला पुन्हा भरणार होती.

“फुफू, हे पाणी त्यांना खातंय,” ती म्हणाली. “आमसूल आंबट. आंबटात चुना विरतो. विरताना त्यातून वायू सुटतो, त्याचा हा आवाज आहे. तो येतो तेवढा वेळ ते झिजतायत.”

परातीतला आवाज चालूच होता. मग तिनं एकेक करून दगड बाहेर काढले आणि ओढणीवर ठेवले. कापलेला दगड तिनं उचलला आणि त्याच्या कडेला नख टेकवलं.

“सगळ्यात भायेरची रेघ म्हंजे कुठलं साल?”

“शेवटचं. ज्या साली फुफांनी तो उचलला ते.”

“त्ये हाय ह्यात?”

सुम्बुलच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाही,” ती म्हणाली. “ते गेलं.”

एक साल अजून काढा, असं हाजरानं ज्या सालासाठी म्हटलं होतं, ते हसननं कसं काढलं हे सांगणारी जगात एवढीच एक रेघ होती, आणि तीही तिनंच आपल्या हातानं धुऊन टाकली होती. कोणी तिला समजवायला गेलं असतं की त्या रेघेत फक्त पाण्याची ऊब होती, हसनचं मन नव्हतं, तर ते खरंच होतं. सुम्बुलनं ते सांगितलंही. हाजरानं मान डोलावली. पण तिचं काय गेलं होतं ते तिलाच माहीत. तो आवाज गेला होता. चार वर्षं दर आठवड्याला तिला जी माफी मिळत होती, ती माफी नव्हती.

त्या दिवशी फातिहा सुम्बुलनं दिली. हाजरा नुसती बसून होती.

पुढच्या जुमेरातीला घरात ती एकटी होती. असर झाली. सवयीनं तिनं परात काढली, मग तशीच पालथी मोरीत ठेवून दिली. दगड कोरड्या फडक्यानं पुसले आणि पांढऱ्या कापडावर मांडले. कापलेल्याचे दोन्ही भाग एकमेकांना टेकवून. लोबान लावला, खीर ठेवली, आणि त्यांच्यापुढे बसली.

काहीच ऐकू येईना. शेजारी कुकरची शिट्टी झाली. आळीच्या तोंडाशी कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. तिनं वाट बघितली. किती बघितली कुणास ठाऊक. इतके दिवस दगड बोलत होते म्हणून तिला बोलावं लागलं नव्हतं, आणि त्याआधी हसन बोलत नसे म्हणून तीही बोलली नव्हती.

“अहो,” ती म्हणाली. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून तिला कसंसंच झालं. तिनं ओढणी सारखी केली.

“तुमी राहतो बोललात तेव्हा मला माडी नको होती,” ती म्हणाली. “मला लाज वाटायची, लोकांच्या माडीवर जायची. म्हणून बोलले. तोंडानं बोलले. मनात होतं तुमी राहावं. तुमाला नाय कळलं त्ये? एवढी सालं बायको होते तुमची.”

मग इतकी वर्षं जे आलं नव्हतं ते रडू आलं, तोंड वाकडं करून, आवाज करून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. ती पुढे वाकली, परातीवर वाकायची तशीच, पण ऐकायला नाही.

“मी सांगितलं एक साल काढा, आणि तुमी बरं म्हणालात,” ती त्या दगडांना म्हणाली. “का ऐकलंत माझं? एकदा तरी नाय म्हणायचं होतं. एकदा माझ्यावर ओरडायचं होतं. का ऐकलंत?”